झुल्यावरचा माणूस कोणाचा?

आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले ती एक प्रश्न विचारल्यामुळे. दिवाळीच्या आत बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचा होता आणि त्यासाठी गच्चीवर मीटिंग भरली होती. बदामी की राखाडी यावरच निम्मा वेळ गेला. मला दोन्ही रंगांत काडीचा रस नव्हता. मी गच्चीच्या कठड्यावरून खाली डोकावून पाहिलं आणि विचारलं, "रंग देणारा माणूस इथून पडला, तर?"

आमचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावर राहतात, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "मॅडम, शुभ बोला."

"शुभच बोलतेय. पडू नये. पण पडलाच, तर तो कोणाचा माणूस? आपला की ठेकेदाराचा?"

"एवढं सुचतंय तर तुम्हीच व्हा ना सेक्रेटरी," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. या वहिनींचा आवाज असा, की त्यांच्या घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी अख्ख्या जिन्याला कळतं. त्यांनी म्हटलं आणि भराभर हात वर झाले. इतकी वर्षं ते पद कोणी घेत नव्हतं, ते असं माझ्या गळ्यात पडलं.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. खोड जात नाही. आमचे हे म्हणतात, ही देवळात गेली तरी घंटेत कोणते धातू आहेत ते पुजाऱ्याला विचारेल. विचारलंय मी. पंचधातू म्हणाला, आणि तिसऱ्या धातूला अडकला.

ठेकेदार शहराबाहेरच्या करमाड गावाकडचा. पिकअप घेऊन यायचा आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य दखनी हिंदीत नेऊन सोडायचा. त्याला मी तोच प्रश्न विचारला. तो हसला. "म्याडम, तुम्ही नवीन हायेत म्हणून. टेन्शन नक्को लेव. आजतक एक बंदा नै गिरा."

"आजपर्यंत पडला नाही, म्हणजे पडणार नाही असं कुठं आहे?"

"आपुन नारळ फोडतो ना पहिल्या दिवशी."

हे उत्तर मला आवडलं. चूक होतं, पण आवडलं. नारळ, भंडारा, लिंबू-मिरची हे सगळं आपण करतोच. प्रश्न एवढाच, की नारळ फोडूनही माणूस पडला तर दवाखान्याचा खर्च नारळ देत नाही. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता विम्याची कामं करते. शाळेत प्रयोगाच्या वेळी सर्वांत जास्त काचा हिच्या हातून फुटायच्या, त्यामुळे धोक्याचा अनुभव दांडगा.

"बाई," ती म्हणाली, "बहुतेक सोसायट्या हा फोन माणूस पडल्यावर करतात. तुम्ही पहिल्या." मग तिने समजावलं. ठेकेदाराकडे कामगारांची पॉलिसी पाहिजे, ती चालू पाहिजे आणि तिच्यात उंचीवरचं काम लिहिलेलं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल, तर कंपनी म्हणते, आम्हाला काय माहीत तुम्ही माणूस दोराला टांगणार. शिवाय वरून काही पडून खालच्या माणसाचं किंवा गाडीचं नुकसान झालं, तर ते भरून देणारी वेगळी पॉलिसी. "आणि ठेकेदाराकडे काहीच नसेल ना, तर तो पडलेला माणूस तुमच्या दारात उभा राहणार. त्याचं तरी काय चुकलं?"

मी ठेकेदाराकडे पॉलिसी मागितली. दुसऱ्याच दिवशी त्याने मोठ्या ऐटीत आणून दिली. मी चष्मा लावून वाचली. ती त्याच्या पिकअपची होती.

"विमा तो विमाच ना," तो म्हणाला.

खरी पॉलिसी येईपर्यंत मी काम सुरू होऊ दिलं नाही. दिवाळी जवळ येत होती. जिन्यात लोक माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मी रंगाचा डबा पळवून घरात लपवलाय. अध्यक्ष तर म्हणाले, "तुमच्या शंकांवर वॉटरप्रूफिंग करायला पाहिजे." शेवटी दोन्ही पॉलिसी आल्या. उंचीवरचं काम त्यांत होतं. माझ्या विद्यार्थिनीने ओळ न् ओळ तपासली आणि एक सूचना दिली, जी मी तेव्हा नुसती ऐकून घेतली. ती म्हणाली, "बाई, हे फक्त ठेक्यातल्या कामासाठी आहे बरं. त्याला दुसरं काही सांगू नका."

झुल्यावर, म्हणजे दोरांना टांगलेल्या फळीवर, बसून रंग देणारा माणूस पन्नाशीचा होता. सगळे त्याला मामा म्हणायला लागले. त्याचे भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरत होते, हा एकटाच दोरावर आला होता. गच्चीवर दोर बांधून झाल्यावर त्याने खिशातून पुडी काढली आणि शहराजवळच्याच सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा दोराच्या गाठींना लावला. मग मी ठेकेदाराकडून आणवलेला सेफ्टीचा पट्टा कमरेला बांधून घेतला आणि म्हणाला, "बैलाला वेसन घातल्यावानी वाटायलंय, बाई." पण बांधला.

खाली उतरल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही. "तुम्ही शेक्रेटरी न्हवं? मंग हितं कोणाच्या घरात एकादी खोली भेटल का? मपल्या पोरीसाठी."

त्याच्या मुलीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. कॉलेज आमच्या इथून चालत जाण्यासारखं. होस्टेलमध्ये जागा उरली नव्हती आणि करमाडच्याही आत असलेल्या वस्तीवरून सकाळच्या कॉलेजला रोज येणं शक्य नव्हतं.

"दिवाळी झाली की कॉलेज चालू. तवर घर नाय भेटलं तं ती घरीच बसंल. मपले भाऊ म्हणायलेतच, लगीन लावून टाक."

"खोल्या मिळतात की मुकुंदवाडीत."

"एकटी खोली नको, बाई. घर पाह्यजे. मानसं असलेलं."

मी विचारते म्हणाले आणि दोन-तीन ठिकाणी खरंच विचारलं. लोक 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते सांगायला नको.

काम सुरू झालं आणि मला एक नवा छंद लागला. खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकायची, चहाचा कप घ्यायचा आणि वर बघत बसायचं. बघण्यासारखं होतंच. मामा एखाद्या खिडकीसमोर आला की ती खिडकी उघडायची, ग्रिलमधून कपबशी बाहेर यायची आणि तिच्या मागून एक वाक्य यायचं. "मामा, आता वर आलाच आहात तर..."

आता वर आलाच आहात तर डिश जरा डावीकडे वळवा. एसीच्या पाइपवरचं कबुतराचं घरटं काढा. वाळत घातलेला टॉवेल छज्ज्यावर पडलाय, तेवढा द्या. एका भिंतीतून पिंपळाचं रोप वर आलं होतं. ते आजवर कोणी काढलं नव्हतं, कारण पिंपळ उपटणं पाप. मामांच्या हातून उपटलेलं मात्र चालणार होतं. लोकांनी पापाचाही ठेका देऊन टाकला, बिनपैशाचा.

मी मोजत नव्हते, पण रंगापेक्षा ही कामंच जास्त होत असावीत. आणि मामा एकालाही नाही म्हणत नव्हते. उलट वेळ लावून करायचे. डिश वळवताना आतल्या माणसाशी गप्पा, घरटं काढताना गप्पा. मला विद्यार्थिनीची सूचना आठवली, म्हणून तिला पुन्हा फोन केला.

"समज, तो डिश वळवताना पडला, तर?"

"ठेकेदार म्हणेल, मी त्याला डिश वळवायला पाठवलं नव्हतं. कंपनी पण तेच म्हणेल."

"मग तेव्हा तो कोणाचा?"

"बाई, तेव्हा तो ज्याची डिश आहे त्याचा. पण तो मनुष्य काही हे कबूल करणार नाही."

मला हे फार चमत्कारिक वाटलं. माणूस तोच, दोर तोच, पण ब्रश उजव्या हातात असला की एकाचा आणि डिश धरली की दुसऱ्याचा. मी घरोघर जाऊन सांगितलं, मामांना कोणीही जादा काम सांगायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. खाली येते तोच तळमजल्यावरच्या एकाने त्यांना बोरिंगची केबल वर बांधायला सांगितली.

मग मी मामांनाच सांगितलं. ते नाराज झाले. मला वाटलं, चहा-बक्षिसी जाईल म्हणून असेल. पण ते वेगळंच बोलले.

"बाई, तुम्ही मपलं कामच बंद केलं. म्या पोरीसाठी घर बगायलोय ना."

"घर बघताय? खिडकीतून?"

"मंग? दारातून गेलं की समदे गोड बोलतेत. खिडकीतल्या मानसाकडं कोणी ध्यान देत नाय. घरटं काढेपातूर समदं कळतं. बाई सुनेला काय म्हणती, बाप पोरीवर कसा वरडतो, ताटात उरलेलं कोण खातं." मग त्यांनी आवाज खाली आणून एका घराबद्दल सांगितलं, की तिथला एकटा राहणारा तरुण नक्की चोर आहे, दिवसभर पडदे लावून झोपतो. तो कॉल सेंटरमध्ये काम करतो हे मी सांगितलं, तरी त्यांना पटलं नाही.

मी थक्क झाले. मी खालून त्यांच्याकडे बघत होते आणि ते वरून आम्हा सगळ्यांकडे. मी पॉलिसीतल्या ओळी तपासत होते, ते घरं तपासत होते. आणि माझ्या नियमाने त्यांची खिडकी बंद होणार होती, दिवाळी तर दारात आलेली. नियम मागे घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण माणूस पडला तर मुलीला घर मिळून काय उपयोग? मी दोन्हीकडून अडकले होते, आणि तेवढ्यात बादली पडली.

ती अध्यक्षांच्या खिडकीखालून पडली. मामा त्यांच्या बाहेरच्या काचा धूत होते. काचा धुणं ठेक्यात नव्हतंच. बादली हातातून निसटली ती थेट तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्कूटीवर. हेडलाइट फुटला, आरसा लोंबकळला. स्कूटीजवळ कोणी नव्हतं हे नशीब. मामांनी घाईने वाकून खाली बघितलं तेव्हा झुला असा हेलकावला, की माझ्या हातातला कप हिंदकळून साडीवर सांडला. पट्टा होता म्हणून बरं. ते खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते.

पाहता पाहता पार्किंगमध्ये सगळे जमले. ठेकेदारही तिथंच होता.

"काच धुना मेरा काम नै," तो म्हणाला. "म्या सांगितलं नव्हतं. म्याडमला विचारा."

"मी फक्त म्हटलं होतं की काचा घाण झाल्यात," अध्यक्ष म्हणाले. "धुवा असं म्हटलं नाही. माणूस ठेकेदाराचा आहे, मी कसा जबाबदार?"

"सोसायटीने बघायला पाहिजे होतं," आणखी कोणीतरी म्हणालं. म्हणजे मी.

मी विमावाल्या मुलीला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने जे मला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. काम ठेक्याबाहेरचं, पॉलिसी लागू नाही. सांगणाऱ्याने निस्तरावं. त्यावर पुन्हा तेच सुरू झालं, आमचा नाही, आमचा नाही. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माणूस कमरेचा पट्टाही न सोडता मध्ये उभा होता. मला त्या सगळ्यांचा मनापासून संताप आला.

वहिनी जिना उतरत आल्या त्या ओरडतच. मामांना त्यांनी जे झापलं, ते सगळं इथं लिहिता येणार नाही. डोळे आहेत का, हात आहेत का, बादली धरता येत नाही तर वर कशाला चढतोस. श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांना मामांचे पाय दिसले. "बस आधी खाली," त्या तशाच आवाजात ओरडल्या. "पाणी पिलास का?" आणि मुलाला हाका मारून पाणी आणि गूळ मागवला. मग अध्यक्षांकडे वळल्या आणि उरलेलं त्यांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटीला नवा हेडलाइट लागला होता. कोणी लावला, हे अध्यक्षांनी कधी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही.

त्यानंतर जादा काम कोणी सांगितलं नाही. सोसायटीने ठराव केला, आणि आपल्या नावाने एक वेगळी पॉलिसीही घेतली, कारण प्लंबर, लिफ्टवाला, टाकी धुणारा, सगळेच कोणा ना कोणाच्या तोंडी 'आमचा नाही' असतात. माझा प्रश्न इतक्या दिवसांनी कामाला आला. पण खिडक्या बंदच राहिल्या, आणि मामांचा चेहरा उतरला.

तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आमच्याकडे ठेवा ना मुलीला."

आमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून तिची खोली तशीच आहे. टेबल आहे, दिवा आहे. शिवाय विज्ञान मी स्वतः शिकवलेलं. लॅब टेक्निशियनची पहिल्या वर्षाची पुस्तकं मनातल्या मनात मी उघडलीसुद्धा होती. एखाद्या मुलीला सूक्ष्मदर्शक कसा लावायचा ते पुन्हा दाखवायला मिळणार, या कल्पनेनेच मला भरून आलं होतं. खरं सांगायचं तर ती मुलगी मला आमच्या घरी हवी होती.

मामा म्हणाले, "बगतो, बाई."

हा 'बगतो' आमच्यासारखा नव्हता. कारण आमच्या बाजूची भिंत अजून रंगवायची होती.

ते चार-सहा दिवस मी परीक्षेला बसले होते. पडदे धुतले. ह्यांना बनियनवर फिरायला बंदी केली. मामा खिडकीसमोर आले की मी उगाच मोठ्याने म्हणायचे, "अहो, तुमची गोळी घेतली का?" ह्यांनी एकदा चमकून विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?" नळाला पाणी येण्याच्या दिवशी शेजारणीला आधी दोन हंडे भरू दिले, तेही खिडकीत उभं राहून.

रंग पूर्ण झाला. राखाडी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामा मुलीला घेऊन आले. दोन वेण्या, पाठीला सॅक, आणि डोळे सगळीकडे फिरणारे. लिफ्ट कशी थांबते, असं तिने बापाला विचारलेलं मी दारातून ऐकलं आणि ती मला आणखीच हवीशी झाली. ती दोघं आमच्या मजल्यावर आली, नमस्कार केला, आणि वर गेली. वहिनींकडे.

ठरलं होतं. वहिनींनी आदल्या दिवशीच होकार दिला होता.

मामा निघताना मी त्यांना जिन्यात गाठलं. राग आला होता आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही. "मामा, आमच्या घरात काय कमी दिसलं? त्यांच्याकडे तर दिवसभर भांडणं."

"भांडतेत," मामा म्हणाले. "लई भांडतेत."

"आमच्याकडे आवाज तरी ऐकलात का कधी?"

"नाय ना, बाई." त्यांनी चपलेकडे बघितलं. "राग नका मानू. तुमी लई भल्या. पर साहेब बाहेरच्या खोलीत टीवीपुढं जेवतेत, तुमी आत वट्ट्यापाशी उभ्यानं जेवता. मपली पोरगी कोणापाशी बसंल?"

मी म्हटलं, ह्यांना साखर आहे, लवकर जेवावं लागतं. मामा 'व्हय व्हय' म्हणाले. आणि हे खोटं नव्हतंच. साखर आहे ह्यांना. पण साखर झाली तीनेक वर्षांमागे, आणि वेगळं जेवणं त्याच्याही आधीचं.

दिवाळी झाली, कॉलेज सुरू झालं. एका संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून भाकरीचा तुकडा मोडत होते आणि डोक्यावरच्या स्लॅबमधून वहिनींचा आवाज आला. "अगं ए, पुस्तक ठेव ते! ताट वाढून किती वेळ झाला? तुझ्याबिगर कोणी बसंना इथं!" मग भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी हसणं.

मी ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेले. ह्यांनी बातम्यांवरून मान वळवली आणि माझ्या हातातल्या ताटाकडे बघत राहिले.

"अहो," मी विचारलं, "आपण वेगवेगळं जेवायला कधीपासून लागलो?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "पोरगी पुण्याला गेली त्या आठवड्यापासून," ते म्हणाले. "दोन दिवस मी थांबलो होतो. तू म्हणालीस, तुम्ही घ्या जेवून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना सगळं विचारतेस. मला वाटलं, कधीतरी मलाही विचारशील."

त्यांनी सोफ्यावरचं वर्तमानपत्र उचलून बाजूला ठेवलं, आणि मी ताट घेऊन तिथं बसले.